काढलेल्या मीटरचा लोड

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या टेबलावर घडलंय.

मंगळवार होता. दुपारचे दोन दहा. वीज कार्यालयाचा दुसरा मजला, कंट्रोल रूम. मी तिथे ऑपरेटर आहे.

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. आमच्याकडे ते ऑफिसच्या वेळेत येतं.

त्या दिवशी आमच्या साहेबांचा डेमो होता. पाठीमागे आम्ही त्यांना डेमोसाहेब म्हणायचो. माणूस जन्मात खांबावर चढला नव्हता, पण स्लाइड अशा दाखवायचा की विजेचा शोध ह्यानेच लावला. शहरभर स्मार्ट मीटर बसले होते. आता वायर तोडायला कुणाच्या दारात जायला नको. ऑफिसात बसून कुणाचीही वीज बंद.

पाहुणे होते, फोटोवाले होते.

“मॅडम, द्या एखादा नंबर,” साहेब म्हणाले. “कुठलाही.”

मी यादीवर बोट ठेवलं. कुठेही.

साहेबांनी क्लिक केलं. हिरवा ठिपका करडा झाला. टाळ्या पडल्या.

मग चहा आला... आणि ठिपका करडाच राहिला.

माझ्या लक्षात आलं तेव्हा तीन वाजत आले होते. मी गुपचूप वीज चालू केली.

दुसऱ्या दिवशी रीडरकाका आले. सव्वीस वर्षं दारोदार फिरून मीटरचे आकडे लिहिणारा माणूस. नव्या मीटरांनी त्यांना बिनकामाचं ठरवलं होतं.

“ताई, काल त्या शिवणकामवाल्या बाईंची वीज कोणी बंद केली? शेजारी सगळीकडे लाइट होती.”

“चाचणी होती, काका.”

“त्या ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. भाऊ औषधं आणायला गेलेला. परत आला तर मशीन बंद, बाई निळ्या पडलेल्या. त्याच्या हातातच गेल्या.”

मी कालच्या यादीत तो नंबर पुन्हा पाहिला.

“कुठल्या घरात कसलं मशीन आहे, हे मी तुमच्या साहेबांना लिहून दिलं होतं.”

दिलं होतं. तो कागद साहेबांच्या टेबलावर होता. त्यावर कप ठेवत होते.

“वय झालं होतं त्यांचं,” साहेब म्हणाले. “आणि सप्लाय आपण पूर्ववत केलाय. ‘तांत्रिक चाचणी’ असं लिहून टाका.”

मी लिहिलं. साहेबांना नावं ठेवते खरी, पण अक्षर माझं आहे.

आठवड्याने भावाने घर सोडलं. आमच्या माणसांनी मीटर काढून आणला, खोक्यात घालून ऑफिसच्या स्टोअरमध्ये फळीवर ठेवला. ना वायर, ना सप्लाय.

दुसऱ्या दिवशी, दोन दहाला... तोच ठिपका हिरवा झाला.

लोड, म्हणजे विजेचा वापर, साडेतीनशे वॅट.

दोन एकतीसला शून्य. आणि खाली एक ओळ आली. वीज तुटली की स्मार्ट मीटर बंद पडता पडता एक संदेश पाठवतो. कंपनीच्या हुशार पोरांनी त्याला नाव दिलंय ‘लास्ट गॅस्प’. शेवटचा श्वास.

मग रोज. दोन दहा ते दोन एकतीस.

“सॉफ्टवेअरचा घोळ आहे,” साहेब म्हणाले.

मी काकांना घेऊन स्टोअरमध्ये गेले. खोकं उघडलं. मीटरची काच काळी होती.

दोन दहा झाले.

काच उजळली.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग... सूं. थोडं थांबून... सूं.

काकांनी हात मागे घेतला. ते दर महिन्याला त्या घरी जायचे.

“मशीन,” ते एवढंच म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी भावाला फोन लावला. नाडी थांबली तेव्हा त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं. दोन एकतीस.

आमच्यापैकी कुणालाही ही वेळ माहीत नव्हती.

साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच तोडगा काढला. त्या नंबरचे संदेश स्क्रीनवर दिसणारच नाहीत, अशी सोय करून घेतली. पुढे त्यांना बढती मिळाली, मोठी केबिन मिळाली. असल्यांना मिळतेच.

गेल्या महिन्यात पुन्हा डेमो. नवे पाहुणे, तेच विनोद.

“मॅडम, द्या एखादा नंबर.”

या वेळी मी माझ्या घराचा दिला. दिवसा घरी कुणी नसतं. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात, दाराला कुलूप.

ठिपका करडा झाला. टाळ्या पडल्या. चहा यायच्या आत मी वीज चालू केली.

संध्याकाळी घरी पोचले तर शेजारच्या काकू जिन्यातच उभ्या होत्या.

“अगं, दुपारी तुझ्याकडे कोण होतं?”

“कुणीच नाही. का हो?”

“तुमचा फ्रिज घरघरायचा थांबला ना, तेव्हापासून आतून कुणीतरी दार बडवत होतं. धापा टाकत होतं गं. मी हाका मारल्या... पण कुलूप तर बाहेरून.”

कुलूप तसंच होतं. मी उघडलं.

आत सगळं जागच्या जागी होतं. फक्त सकाळी मी स्वतः कड्या लावून बंद केलेल्या खिडक्या... सगळ्याच्या सगळ्या सताड उघड्या होत्या.

तेव्हापासून मी त्या बंद करत नाही.