झुंबरबाईचा उंबरा

पावणं, जरा सरकून बसा, कंदिलाचा उजेड अडतोय.

राधानगरीच्या वर डोंगरात एक वाडी हाय. पोरंबाळं कोल्हापुरात कामाला गेली, मागं ऱ्हायला एकटा गुंडूतात्या. तोंडात दात एक न्हाई, पर खोड्या बत्तीस! फकस्त खोडी काढायला समोर माणूस न्हवतं. दोन वर्सं एकटाच जेवत हुता.

एक दिस सकाळी कोल्हापूरनं आदिती नावाची पोरगी आली. पलेगाच्या साथीआधी वाडीत किती माणसं हुती, त्येचा अंदाज काढत हुती. वाडीच्या जुन्या नोंदवहीची निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली.

"मग मेलेली माणसं मोजतीस कशी गं पोरी?"

"उंबरे मोजायचे, आजोबा. एका उंबऱ्यामागं पाच माणसं धरायची. तुम्ही ऐकलेली घरं सांगा."

तात्यानं चाळीस घरं खरी सांगितली. मग जीभ खाजाय लागली. त्यानं करवंदीच्या जाळीकडं बोट केलं. "आन् त्यो झुंबरबाईचा उंबरा. पाच न्हाई, सात माणसं. भरल्या पानावरनं पलेगानं उचलली बघ."

झुंबरबाई कोण, तात्यालाच ठावं न्हवतं. पोरीनं त्ये बी लिवून घेतलं आन् दुपारच्या एसटीनं गेली.

तात्या पोट धरून हसला. हसला... आन् हात पुढं केला. टाळी द्यायला कोण हुतं?

तिसऱ्या दिशी धुकं उतरलं. भर दुपारी हातभर पुढचं दिसंना. जाळीकडनं धुराचा वास आला. मग भाकरी थापल्याचा आवाज... थप... थप.

तात्या काठी टेकत गेला. जाळीत दगडी उंबरा! हळदकुंकू लावलेला, अजून ओलं. पलीकडं भिंत न्हाई, छप्पर न्हाई. नुसती करवंदी.

"क... कोण हाय?"

"आम्हीच की..." बाईचा आवाज. "कागदावर घ्याय लावलंस, बरं केलंस बाबा. लई वर्सं कुणी धरलंच न्हाई आम्हास्नी..."

"अवो बाई, म्या... म्या तर चेष्टा केलती."

"व्हय. ठावं हाय... बस."

तात्याचं पाय पळाय बघत हुतं. पर घरी जाऊन तरी कुणासमोर बसायचं? त्यानं खाली बघितलं. उंबऱ्याम्होरं पत्रावळ्या मांडलेल्या. बोटानं मोजल्या. सात... आठ.

सात पानांवर नाचणीच्या अख्ख्या भाकऱ्या. आठव्यावर भाकरी दुधात कुस्करलेली, वाफ निघत हुती.

आता मला सांगा पावणं, तात्याला दात न्हाईत, ह्ये त्यास्नी सांगितलं कुणी?