निव्वळ वजन

बाजारपेठेत त्याला काटेसाहेब म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण वजनमापं तपासणारा हा निरीक्षक दुकानाच्या पायरीवर दिसला की आत "काटेसाहेब आले!" अशी वर्दी जायची आणि तराजूला चिकटवलेली लोहचुंबकं गुपचूप खिशात जायची. गेली अठरा वर्षं तो पाकिटं, पोती, डबे तोलून बघत होता. पाकिटावर जे छापलंय ते आत असलंच पाहिजे, एवढी साधी गोष्ट माणसांना का जमू नये, याचा संताप त्याला रोज नव्याने यायचा. घरी आणलेली साबणाची वडीसुद्धा तो तोलल्याशिवाय वापरू देत नसे. "लग्नात मला तोलून घेतली नाहीत हे माझं नशीब," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पण त्या वर्षी घरात खरं लक्ष होतं ते मुलीच्या वजनावर. सहा वर्षांची पोर दोन महिने तापाने अंथरुणाला खिळून होती. मुळातच प्रकृती तोळामासा, त्यात नुसती हाडं उरली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, वीस किलो भरली की शाळेत पाठवा, त्याआधी पुन्हा ताप आला तर माझ्याकडे उपाय नाही. त्याने बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, ग्रॅमपर्यंत दाखवणारा सपाट काटा आणून ठेवला आणि स्वतः तपासून त्यावर शिक्का मारला. रोज सकाळी उपाशीपोटी, त्याच पिवळ्या फ्रॉकमध्ये पोर त्यावर उभी राहायची आणि मान वर करून विचारायची, "बाबा, किती?" दूध, अंडी, केळी, एकेका घासामागे आईच्या दोन-दोन गोष्टी. वीस भरले की रोबो, असं कबूल झालं होतं. तोच तो, सांधे वळवून घडी घातली की ट्रक होतो, उलगडला की पुन्हा रोबो.

काट्याने वीस किलो तीनशे चाळीस ग्रॅम दाखवले त्या संध्याकाळी तो रोबो घेऊन आला. खोक्यात तो ट्रकच्या रूपात होता, निळा, चाकं घट्ट. खोक्यावर ठळक छापलं होतं, निव्वळ वजन ४१२ ग्रॅम. सवयीने त्याने ट्रक काट्यावर ठेवला. ३८५.

"सत्तावीस ग्रॅम कमी! निरीक्षकाच्या पोरीच्या खेळण्यात!" तो कडाडला. "म्हणजे यांना लाज म्हणून नाहीच."

"अहो, पण खेळू द्या की तिला," बायको म्हणाली.

पोरीने पत्रक न बघताच भराभर सांधे फिरवले. चाकं खांद्यांत गेली, पाय निघाले, डोकं वर आलं. प्रत्येक वळणाला टक्, टक् असा कोरडा आवाज येत होता. रोबो उभा राहिला तशी ती खुदकन हसली. दोन महिन्यांत ती तशी हसली नव्हती, म्हणून त्याने राग गिळला. फक्त रात्रीपुरता.

सकाळी तो खेळणं घेऊन दुकानात हजर झाला. चार गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदाराने शांतपणे रोबो काट्यावर ठेवला. ४१२.

"पुन्हा ठेवा."

४१२.

"साहेब, या काट्यावर शिक्का तुमचाच आहे," दुकानदार म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत तो पायऱ्या उतरला, पण कानशिलं तापली होती. अठरा वर्षांत काट्यासमोर त्याची मान कधी खाली गेली नव्हती.

घरी येऊन त्याने पुन्हा तोललं. ४१२. पोरीने तेवढ्यात त्याचा ट्रक केला. ४३९. पुन्हा रोबो. ४६६. दर पालटाला सत्तावीस ग्रॅम, ना एक जास्त ना एक कमी. त्याने काटा पुसला, पातळी बघितली, प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. त्याला भीती वाटली नाही, राग आला. कमी भरलेला माल त्याला ठाऊक होता. वाढत जाणारा माल त्याच्या नियमावलीत कुठेच बसत नव्हता. आणि नियमावलीत न बसणाऱ्या गोष्टीची त्याला लहानपणापासून चीड होती.

वीस भरल्यापासून पोरीचं रोजचं वजन बंद झालं होतं. सोमवारी डॉक्टरबाईंनी मुलीला वजनाच्या यंत्रावर उभं केलं आणि चष्मा काढला. "जेमतेम एकोणीस किलो आठशे. खायला घालत नाही का हिला?"

"माझ्या हाताने भरवते मी," बायकोचा आवाज भरून आला. "आज तर दोन अंडी खाल्ली तिने!"

"मग जातं कुठे?"

रोबोचे पालट त्याने वहीत टिपून ठेवले होते. आतापर्यंत एकोणीस. घरी पोहोचताच त्याने पोरीला काट्यावर उभं केलं. १९,८२७ ग्रॅम. रोबो ८९८. त्याने बेरीज केली, २०,७२५. मग पहिल्या दिवसाचे दोन्ही आकडे, २०,३४० आणि ३८५, घेऊन बेरीज केली. तीही २०,७२५ आली.

"हातात घे आणि इथेच उभी राहून ट्रक कर," तो म्हणाला.

टक्, टक्, टक्. दोघांचं मिळून २०,७२५. आकडा हलला नाही. मग त्याने दोघांना वेगवेगळं तोललं. पोर १९,८००. ट्रक ९२५.

"बाबा, मला गार वाटतंय," पोर म्हणाली.

त्याने तिच्या हातातून खेळणं हिसकावलं. ती रडायला लागली. बायको धावत आली, तेव्हा त्याने वही पुढे केली. तिने आकडे वाचले, पुन्हा वाचले आणि वही मिटली.

"तोडून टाका ते. आत्ता, माझ्यासमोर."

"पुरावा आहे तो!"

"मग दुकानात परत द्या."

"म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या हातात? अगं, माझ्या पोरीच्या अंगावरचं मांस घेऊन बसलेत हे लोक! मी त्यांना सोडणार नाही. लेखी घेईन."

"तुम्हाला पोर हवीय की लेखी?"

दुसऱ्या दिवशी त्याने ट्रक खोक्यात घातला, दोरीने बांधला, गाठीवर शिशाचा शिक्का ठोकला आणि कचेरीच्या लोखंडी कपाटात ठेवला. कंपनीला तक्रार लिहिली. सोबत दोन रकान्यांचा तक्ता जोडला, एका रकान्यात वस्तू, दुसऱ्यात बालक, तळाशी एकूण २०,७२५ ग्रॅम. आणि शेवटी ते वाक्य, जे त्याने अठरा वर्षांत हजारदा लिहिलं होतं. लेबल व माल यांतील तफावत शून्यावर आणावी आणि तसे लेखी कळवावे.

त्या दिवसापासून पोरीची घट थांबली. काटा रोज सकाळी १९,८०० दाखवायचा. ती खायची, दुपारी अंगणात धावायची, आणि आकडा तिथेच. वाढतही नाही म्हणून बायको कुरकुरायची. तो म्हणायचा, "गळती बंद झाली ना? आता वसुलीही होईल." पण कपाटापाशी जाऊन रोज एकदा तो शिक्का बघून यायचा.

सतराव्या दिवशी तो सकाळपासून फिरतीवर होता. दुपारी तीनला कचेरीत शिरला, तर कारकूनबाई हसतमुखाने उठल्या.

"साहेब, कंपनीचं उत्तर आलं. आणि काय नम्र भाषा हो! तुमच्यासमोर नांगी टाकली त्यांनी."

पत्र एका ओळीचं होतं. आपला तक्ता तपासून लेबल दुरुस्त केले आहे, कृपया सोबतचे लेबल वापरावे.

"सोबतचं लेबल कुठाय?"

"डकवलं की. दुरुस्त लेबल आलं की त्याच दिवशी खोक्यावर डकवायचं आणि प्रकरण बंद करायचं, हा तुमचाच तर नियम. शिक्का जसाच्या तसा आहे, बघा."

त्याने कपाट उघडलं. शिक्का शाबूत होता. खोक्याखालची लोखंडी फळी मात्र मधोमध वाकली होती.

जुन्या आकड्यावर पांढरी पट्टी होती.

निव्वळ वजन २० किलो ७२५ ग्रॅम.

त्याने पट्टीला नख लावलं. ती निघेना. नख मोडलं, कोपरासुद्धा सुटला नाही. मग त्याने एका हाताने खोका ओढला, तो जागचा हलला नाही. दोन्ही हात घालून उचलला आणि आपोआप कडेवर घेतला. झोपी गेलेलं लेकरू जसं एका बाजूला कलून जड होतं, तसा तो कलला.

"साहेब, काय झालं?" कारकूनबाईंनी विचारलं.

तो भर दुपारच्या उन्हातून घरापर्यंत तसाच पळत गेला. वाटेत दोन दुकानदारांनी नमस्कार केला. त्याने बघितलं नाही.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आलात? आज तिने दोन वेळा मागून घेतलं हो. गालही भरलेत जरा!"

पोर आतून धावत आली. पिवळा फ्रॉक, दोन्ही हात पसरलेले. फरशीवर तिच्या पावलांचा आवाज आला नाही.

"थांब," तो म्हणाला. "थांब, बाळा."

"वजन करू?" ती आनंदाने काट्यावर चढली आणि मान वर केली. "बाबा, किती?"

कडेवरच्या खोक्यात काहीतरी एकदाच टक् करून वळलं.

त्याने आकडा बघितला. काटा सकाळीच तपासला होता, शिक्का त्याचाच होता. काट्यावर शून्य होतं.

"बाबा, सांग ना."

वाट बघून कंटाळून ती काट्यावरून खाली उतरली.

आकडा बदलला नाही.