चार पलंगांची केबिन

फरशी पुसायचं फडकं मावशीने चिमटीत धरून नाकाशी नेलं आणि झटकन तोंड फिरवलं. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. नासलेलं, सडलेलं, उंदरांनी उष्टावलेलं सगळं तिने हुंगलं होतं.

"सूप कसलं होतं?"

"टोमॅटो, गाजर आणि लसूण," धाकटी सून म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मासळी?"

"आपल्या घरात मासळी शिजतच नाही, मावशी."

फडक्याला मात्र कुजक्या मासळीची घाण मारत होती.

धाकट्या भाच्याने सकाळी फोन केला आणि मावशी होती त्या साडीवर निघून आली. काल संध्याकाळी सूप पोटात गेल्यावर आईला, म्हणजे मावशीच्या बहिणीला, हॉलमध्येच भडाभडा उलट्या झाल्या. सूप सगळ्यांनी घेतलं होतं. बाधलं तिला एकटीला. डॉक्टर सलाईन लावून गेले होते. दोन दिवसांत सगळे तळ्याकाठच्या केबिनवर जाणार होते. गुडघे गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. महिनाभर तिच्या तोंडी तळ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. आता थोरला भाचा म्हणत होता, आईला घरी नर्सपाशी ठेवू, आपण जाऊन येऊ. आणि सगळा आळ धाकट्या सुनेवर आला होता.

"हिला न्यायचंच नव्हतं आईंना," थोरली सून म्हणाली. "परवाच कुरकुरत होती. तिकडे संडास बाहेर आहे, आईंना कोण धरून नेणार म्हणून."

"कुरकुरले मी. वर्षभर त्यांचं भांडं उचलते. कुरकुरायलाही तुमची परवानगी काढू का, वहिनी?"

"भांडण नंतर," मावशी म्हणाली. "तिकडे आईला कोण बघणार होतं?"

"दादा," धाकटा म्हणाला. "मी अटच घातली होती. इथे आम्ही करतो, तळ्यावर तू कर. धुणं, पुसणं, सगळं."

"आणि हा कबूल झाला?"

"लगेच."

"आईच आहे ना माझी," थोरला म्हणाला.

मावशी आतल्या खोलीत गेली. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अक्का, सुपाला काही वास येत होता का गं?"

"मागे मोठा ताप आला तेव्हापासून त्यांना कसलाच वास येत नाही," दारातून धाकटी म्हणाली. "गॅस उघडा राहिला तरी कळत नाही."

"कोणी दिलं सूप?"

बहिणीने डोळे मिटून घेतले.

मावशी हॉलमध्ये परतली. काळ्याभोर फरशीवर पांढऱ्या खडूने केबिन आखलेली होती. ही या घराची रीतच. थोरला एका फर्निचरवाल्याकडे नकाशे काढायचा. सहल ठरली की तो मुक्कामाची जागा हॉलमध्ये मापात आखे आणि सगळे आपापल्या चौकोनात आडवे होऊन भांडत: इथे पाय पुरत नाहीत, तिथे खिडकीतून वारा येईल. काल जेवणानंतर तसंच आडवं व्हायचं ठरलं होतं. आखणी नेहमीसारखी नेटकी होती. दार, शेगडी, चार पलंग, कोपऱ्यात गळाच्या काठ्यांची जागा.

आईच्या खुर्चीपुढे मात्र केबिनची भिंत हातभर गायब होती.

मावशी ओणवी झाली. मग कमरेवर हात ठेवून उठली.

"सूप घेऊन कोण आलं इथे?"

"मी," थोरली म्हणाली. "तोटीचा कप स्टुलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात परत गेले. थंड झाल्यावर आई घेतात आपलं आपण."

"मग?"

"मग आम्ही तिघं आत जेवत होतो. ओकारीचा आवाज आला तेव्हा धावलो."

"तिघं. आणि तू रे?"

"मी खाली गाडीत सामान लावत होतो," थोरला म्हणाला. "आरडाओरडा ऐकून वर आलो."

"हे कधी आखलंस?"

"आज सकाळी. काल कुणाला सुचणार होतं? आई येणार नाही हे नक्की झालं, मग म्हटलं चौघांचं बघून ठेवावं."

"उलटी कोणी पुसली?"

"मीच. तेव्हाच," धाकटी म्हणाली. "त्या गोंधळात फरशीवर काय आहे तेही दिसलं नाही."

"त्यानंतर फरशीला पुन्हा फडकं लावलं?"

"कधी लावणार? रात्रभर आईंच्या उशाशी होते."

मावशीने दाराशी ठेवलेलं सहलीच्या सामानाचं खोकं ओढलं. तंबूचे खुंटे, दोऱ्या, कंदील. तळाशी, दोन पिशव्यांत गुंडाळलेली गळाला लावायच्या आमिषाची बरणी. तिने झाकण जरासं सैल केलं. थोरली नाकाला पदर लावून मागे सरली. आत करडा, तेलकट, मासळीचा कुजवलेला लगदा होता. वरचं सील फाटलेलं, आणि मधोमध चमच्याने काढल्याचा खळगा.

"तळं अजून दोन दिवस लांब आहे," मावशी म्हणाली. "हॉलमध्ये कोणता मासा गळाला लागायचा होता?"

तिने झाकण घट्ट लावलं आणि बरणी खाली ठेवली.

"ही घाण नाक शाबूत असलेल्या माणसाच्या तोंडाजवळ नेता येत नाही. या घरात एकच माणूस ती खाईल, कारण तिला वास कळत नाही. लसणाच्या सुपात चवही लपली. आता कोणी घातली ते बघा. ही केबिन आज सकाळी आखली असती, तर ही भिंत सलग असती. पण उलटी पुसली तिथे ती पुसली गेलीय. म्हणजे उलटी झाली तेव्हा खडूची रेघ आधीच फरशीवर होती. बाकीचे तिघं आत एकमेकांसमोर जेवत होते. थोरल्या, तू गाडीपाशी नव्हतास. तू इथे गुडघ्यांवर बसून रेघा मारत होतास. आईपासून दोन हातांवर. काम झालं तसा खाली उतरलास."

"मावशी, रेघेवरून काहीही..."

"आणि पलंग चार. आई चांगली बरी असताना, समोर खुर्चीत बसलेली असताना तू चारच पलंग आखलेस. काठ्यांना जागा आहे, तिला नाही. पाचवा आखून पुसला असतास तर पांढुरका डाग राहिला असता. तो कुठे दिसतोय दाखव."

थोरल्याने फरशीकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती दूर सरकली होती.

"मला नाही होत ते," तो शेवटी म्हणाला. "तिचं भांडं, ते कपडे, तो वास. विचारानेच मळमळतं. नाही म्हटलं असतं तर याने जन्मभर ऐकवलं असतं. थोडंसंच घातलं. एक दिवस पोट बिघडेल, एवढंच वाटलं होतं."

"तिचा वास सोसवत नाही," मावशी म्हणाली, "म्हणून हे तिच्या पोटात घातलंस. आणि आळ हिच्यावर जाऊ दिलास. मी पस्तीस ठिकाणी टाळं ठोकलंय रे. तिथले लोक निदान ओळखीच्या माणसाला ते खाऊ देत नव्हते."

धाकट्याच्या मुठी वळल्या. त्याच्या बायकोने त्याचा दंड धरून ठेवला.

आतून बारीक आवाज आला. "त्याला मारू नका."

सगळे दाराशी गेले. आई उशीला टेकून बसली होती.

"तुला माहीत होतं, अक्का?"

"घातलेलं नव्हतं माहीत. कप उचलून त्याने स्वतः तोंडाला लावला माझ्या. हाताने तोंड पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." ती थांबली. "जिभेला बुळबुळीत लागत होतं काहीतरी. पण तो भरवत होता ना. म्हणून सगळं संपवलं."

थोरला एक पाऊल आत आला. आईने तोंडासमोर हात धरला, जसा आपण घाणीवरून जाताना धरतो.

"तू नको जवळ येऊस," ती म्हणाली. मग धाकट्या सुनेकडे वळली. "डॉक्टरांना विचार, कधी निघता येईल. मावशीलाही ने. आपण चौघं जाऊ."