फळ्यावरचा डॉलर

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या परकीय चलनाच्या कचेरीत रोज अकराला मुंबईहून फोन यायचा, आणि मनाली दारातल्या फळ्यावर खडूने डॉलरचा भाव लिहायची. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एकदा ती असंच 'चाळीस' लिहीत असताना मागून आवाज आला.

"मॅडम, जरा सरकता का? भाव दिसत नाही."

"बघून घ्या पटकन. पुसायला वेळ लागत नाही."

तो अश्विन. द्राक्षं टिकवण्याचं तंत्र शिकायला सहा महिने हॉलंडला निघालेला. दोन हजार डॉलर हवे होते. त्यासाठी त्याच्या वडिलांनी, निवृत्ती मास्तरांनी, फंडातून पैसे काढले होते.

"आजच घेऊ?"

"थांबा की... उद्या उतरेल कदाचित."

तो दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्याही. तेवढ्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. कोणता देश मदत थांबवणार, कोण निर्बंध घालणार, कुणालाच सांगता येईना. आणि पैशाइतकं भित्रं दुसरं काही नसतं. शेअर बाजार घसरला, रुपया खचू लागला. दिल्लीत नाहीतर वॉशिंग्टनला कुणी शिंकलं की नाशकात मनालीला फळा पुसावा लागे.

तरी ती म्हणायची, "उद्या बघू." मग अश्विन हसायचा, तिच्या खडूने माखलेल्या बोटांसाठी आपला रुमाल पुढे करायचा आणि अर्धा कप चहा घेऊन जायचा.

"पोरगा फळा बघाया येतो का फळा लिहिणारीला?" झाडू मारता मारता मंगलाबाई विचारायची.

जूनमध्ये एका सकाळी फोन आला. बेचाळीस. मनाली खडू घेऊन फळ्यापाशी गेली, पण तिचा हात काही उठेना. अश्विनचं विमान शुक्रवारचं होतं, आणि तो पायऱ्या चढत होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चढणार हे मला दिसत होतं. तरी 'उद्या या' म्हणत राहिले. डॉलर घेऊन टाकले असते, तर तुम्ही परत कशाला आला असता? मास्तरांचे चार हजार बुडवले मी."

अश्विनने नेहमीसारखा रुमाल पुढे केला.

"पेपर आमच्या घरीही येतो, मनाली. मलाही दिसत होतं." त्याने मान खाली घातली. "काल बाबांना सगळं सांगितलं. नवा कोट रद्द. त्यांची जुनी शाल नेतोय."

"रागावले?"

"रागावले तर. मग म्हणाले... एवढी महाग पडलीय, तर तिला विचार तरी."

मनालीला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"मग विचारा ना."

"डिसेंबरात परत येईन. तोवर इकडे काय होईल, तिकडे काय होईल, मला ठाऊक नाही. थांबशील?"

या वेळी ती 'उद्या बघू' म्हणाली नाही.

"थांबेन," ती म्हणाली, आणि फळ्यावर बेचाळीस लिहून त्याचे डॉलर मोजायला आत गेली.