झोपलेली भिंत

पंपातून औषध पुढे सरकताना दिसत नाही. फक्त एक हिरवा ठिपका लुकलुकतो. ड्यूटीवरची नर्स हन्ना त्या ठिपक्याकडे पाहत होती, कारण पलंगावर डाव्या कुशीला वळलेल्या योसेफकडे पाहणं तिला जमत नव्हतं.

दोघांची ओळख भिंगारच्या बसमधली. गचका बसला आणि त्याच्या हार्मोनियमचा कोपरा तिच्या गुडघ्यावर आदळला.

"लागलं का हो?"

"मग! केवढं लागलं..."

"तुम्हाला नाही, पेटीला विचारतोय."

ती रागावणार होती — पण हसलीच. ईस्टरला, चर्चच्या पायऱ्यांवर, त्याने सरळ लग्नाचंच विचारलं. "विचार करून सांगते," ती म्हणाली. आणि मे महिन्यात, ऐन तिशीत, त्याला हार्ट अटॅक आला.

तेव्हापासून हृदयाची पुढची भिंत हलत नव्हती. ती नुसती झोपली आहे की मेलीच आहे, हे औषधाने हृदयाला डिवचून पाहायचं होतं. जागी झाली तर बायपासचा उपयोग. त्यासाठी नाडी मंद ठेवणारी गोळी आधी बंद करावी लागते. योसेफ दोनदा ती खाऊन आला, दोनदा तपासणी रद्द झाली.

डॉक्टर रविराज इकोचा प्रोब त्याच्या छातीवर टेकवून पडद्याकडे बघत होते. हन्नाने औषध वाढवलं. बाकीच्या भिंती जोरात आकसू लागल्या. पुढची तशीच. आणखी वाढवलं... तशीच.

"पंप बंद करा," डॉक्टर म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

"उठली नाही ना?" योसेफने विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

"तुझ्या तोंडावर दिसतंय, बाई."

ती त्याच्या छातीवरचं जेल पुसू लागली. औषधाची धडधड अजून तिच्या बोटांना लागत होती.

"गोळी चुकून खात नव्हतास तू."

"नव्हतो. रिपोर्टच्या आधी तुझं उत्तर हवं होतं. आता हो म्हणालीस तर मला ती दयाच वाटणार... नाही म्हणालीस तर तुझा काय दोष? जाऊ दे. काही बोलू नकोस."

हन्ना तर रिपोर्टसाठीच थांबली होती. एकदा रिपोर्ट आला की आपलं आपल्याला कळेल, असं तिला वाटायचं. रिपोर्ट आला होता. याहून वाईट येऊ शकला नसता. आणि योसेफ तिला ईस्टरला हवा होता तेवढाच आताही हवा होता.

"हात सोड ना," ती कुजबुजली.

"तूच धरलायस."

दार उघडलं. डॉक्टर आत आले.

"यांच्यासोबत घरचं कोण आलंय? नीट बसून समजावून सांगावं लागेल."

"कुणी नाही, सर," योसेफ भिंतीकडे बघत म्हणाला.

"आहे." हन्नाचा आवाज कापला, पण थांबला नाही. "मी आहे, सर. मी योसेफशी लग्न करणार आहे."