बारावे होल्स्टर

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या संध्याकाळी, सन १९६८ मध्ये, बसवनगुडीतल्या एका घराच्या गच्चीवर तीन-चार तरुण मंडळी आपापली हत्यारे मांडत होती. सगळे कारखान्यात नवे लागलेले, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. कुणी पाने-पक्कड ठेवली, कुणी मोजपट्टी; ड्रॉइंग ऑफिसात काम करणाऱ्या अलकाने आपली कंपासपेटी पुसून ठेवली. घरमालक अप्पासाहेब वेताच्या खुर्चीत बसून हे पाहत होते. अंधार पडून तास झाला होता.

"अप्पासाहेब, तुमच्या कपाटात एक भिंग आहे ना? द्या की पूजेला," गुरुराज म्हणाला.

"ते माझं नाही. आणि त्याची पूजा एकदा झालेली आहे. पुन्हा नको."

"मग कुणाचं?"

"तुम्ही पोरं जिथे गाद्या टाकता ना, त्या खोलीत राहायचा तो. नंदकिशोर."

"आता आज झोप लागायची नाही आम्हाला."

"तुला झोप लागायला कारण लागत नाही, गुरुराज. बस खाली."

मंडळी बसली. अप्पासाहेबांनी सांगितले ते असे.

नंदकिशोर मूळचा पुण्याचा. शहराबाहेरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस. धातूच्या भागांना कुठे केसाएवढी चीर गेली आहे का, हे भिंगातून पाहायचे आणि शिक्का मारायचा, हे त्याचे काम. दहापट मोठे दाखवणारे ते भिंग चामड्याच्या वादीत अडकवून तो गळ्यात घालत असे आणि रविवारीही काढत नसे. तो एकदा 'नाही' म्हणाला की साहेबलोकही वाद घालत नसत. त्याच्या शब्दाला वजन होते, आणि ते आहे हे त्याला फार चांगले ठाऊक होते.

त्याला छंद होता पोलिसांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरांचा, कमरेला लावायच्या चामडी म्यानांचा. नवे गणवेश आले तसे जुने चामडे भंगारात जात होते. तो ते हुडकून आणी. चामडे रिव्हॉल्व्हरचा आकार विसरत नाही. आतून हात घातला की चक्री कुठे टेकत होती, नळी किती लांब होती, हे बोटांना समजते. टाके इंचाला किती, गुंडी पितळेची की पोलादाची, मागे साल उमटवले आहे का, एवढ्यावरून तो होल्स्टर कोणत्या काळातले आणि कुठे शिवलेले ते सांगत असे. खोलीच्या भिंतीवर फळीला खिळे ठोकून त्याने अकरा होल्स्टरे टांगली होती, प्रत्येकाची झडप खाली ओढून, पट्टी गुंडीत नीट बसवून.

सन १९६१, भाद्रपदातला एक रविवार. एका झडपेचे टाके उसवले होते, म्हणून तो जुन्या बाजारात चामड्याचे काम करणाऱ्या मल्लाप्पाकडे गेला. मल्लाप्पा दोरा ओवता ओवता म्हणाला, "सार, गवीपुरात मालनबाई म्हणून एक अक्का आहेत. त्यांच्याकडे असलंच एक आहे. त्यांना जाणता माणूस पाहिजे. तुम्ही जावा."

नंदकिशोर त्याच दुपारी गेला.

मालनबाईंचे घर शहाजीराजांच्या काळापासून इथे स्थायिक झालेल्या मराठ्यांचे. त्यांचे यजमान संताजी पोलिसांत सब-इन्स्पेक्टर होते. घरात कर्ते म्हणजे थोरले दीर, खंडोजी. ते दारातच उभे राहिले. आत आले नाहीत.

"बसा अण्णा. स्वल्प कॉफी घ्या, मग बघा," मालनबाई म्हणाल्या आणि फडक्यात गुंडाळलेले होल्स्टर त्यांनी पुढे ठेवले. "ही ह्यांची म्यान. सत्तेचाळीस साली पेटेत, भर बाजारात, गर्दी उसळली, तेव्हा ह्यांच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर गेलं. ते म्हणायचे, मागून कुणी तरी पट्टी कापली. वरचे म्हणाले, चामडं कुजलं होतं, ह्यांनी वेळेवर बदललं नाही. हयगय केली. कामावरून काढलं. नंतर वर्षभर ह्यांनी जेवताना मान वर केली नाही. मग गेले."

त्या थांबल्या. मग दाराकडे न पाहता पुढे म्हणाल्या, "खंडेनवमीला आमच्यात घरच्या सगळ्या पुरुषांची हत्यारं मांडतात. गेलेल्यांचीही. ह्यांची म्यान चौदा वर्षं संदुकीत आहे. हयगयीनं हत्यार घालवलेल्याची मांडत नाहीत."

"पट्टी कापलेली आहे असं जाणत्यानं सांगितलं, तर मी माझ्या हातानं मांडीन," खंडोजी म्हणाले. "नुसत्या तोंडच्या गोष्टीवर नाही."

झडपेला पट्टीचा बोटभर तुकडा शिल्लक होता. नंदकिशोरने भिंग डोळ्याला लावले. झिजून तुटलेले चामडे ताणले जाते, त्याचे तंतू पिंजून बाहेर येतात, शिवणीचे दोरे लांब-आखूड राहतात. इथे कड सुरीने साबण कापावा तशी सरळ होती. चारही दोरे एका रेषेत संपलेले. शंकेला जागाच नव्हती. कारखान्यात त्याने याच्या निम्म्या पुराव्यावर शिक्के मारले होते.

मग त्याने होल्स्टर उलटे केले. मागे १९१४ साल होते, आणि सालाखाली गंडभेरुंडाचा, संस्थानच्या त्या दोन तोंडांच्या पक्ष्याचा, ठसा. असे एखादे शिल्लक असेल, असे त्याने फक्त ऐकले होते.

कापली म्हणावे, तर हे या घरच्या पूजेत जाऊन बसणार. कायमचे.

"अक्का," तो म्हणाला, "झिजून तुटलीय."

आवाज तपासनिसाचाच होता. शांत आणि शेवटचा. दारातून खंडोजी "सरी, बरं," एवढेच म्हणाले आणि निघून गेले.

मालनबाईंनी फडक्याची घडी पुन्हा घातली. "मग हे घरात ठेवून मी कुणाला दाखवू? तुम्हीच न्या. जाणत्याच्या हातात तरी राहील."

नंदकिशोर एकदाही नको म्हणाला नाही.

त्या दिवसापासून भिंतीवर बारा होल्स्टरे झाली. बारावे त्याने मधोमध टांगले, पण त्याच्याकडे पाहताना त्याची नजर ठशावर न जाता त्या बोटभर पट्टीवर जाई. महिनाभरात त्याने ते कुणालाही दाखवले नाही. अप्पासाहेबांनी विचारले तेव्हा, "बाजारात मिळालं," असे तो म्हणाला. एका खोट्याला हे दुसरे लागले, आणि दुसरे पहिल्यापेक्षा सोपे गेले.

मृत माणूस सूड घ्यायला येतो, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या हकिगती नीट तपासल्या तर निराळेच दिसते. पुष्कळदा तो फक्त साक्ष द्यायला येतो. घाबरणारा आपल्याच कारणाने घाबरतो.

घटस्थापनेच्या रात्री नंदकिशोरला टक असा बारीक आवाज आला. सकाळी एका होल्स्टरची पट्टी गुंडीतून सुटलेली होती. हवा कोरडी झाली, चामडे आकसले, असे त्याने ठरवले आणि पट्टी पुन्हा बसवली. दुसऱ्या रात्री दोन सुटल्या. तिसऱ्या रात्री तीन. त्याने गुंड्या तपासल्या, फळी तपासली, खिडकी लावून घेतली. आवाज दर रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी येई. चामडे घड्याळ पाहून आकसत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

अष्टमीची रात्र. तो दिवा लावून बसला. अकराही पट्ट्या त्याने स्वतः बसवल्या होत्या. गळ्यात भिंग. खाली अप्पासाहेबांच्या घरात निजानीज झालेली.

अकरा चाळीस.

टक.

डोळ्यांदेखत पहिली पट्टी सुटली आणि झडप हळूच वर आली. जणू कुणी आत पाहत होते.

टक. टक. टक...

एकेक झडप उघडत गेली. आत काही नव्हते. कुणी तरी रिकामी म्यान पाहून पुढच्या म्यानेकडे जात होते. अकरावी उघडली.

मग काही नाही.

बाराव्याला सुटायला पट्टीच नव्हती. ते आपले उघडेच होते. तिथे येऊन तो शोध थांबला होता... आणि थांबूनच राहिला होता.

नंदकिशोर उठला. बारावे होल्स्टर उतरवले. झडप उचलून आत हात घातला, रिकामे. फडक्यात गुंडाळून दोन गाठी मारल्या. पायात चपला सरकवल्या आणि तो खाली उतरला.

नंदीच्या देवळामागून गवीपुराकडे उतरणारा रस्ता. माणूस नाही. कुत्रेसुद्धा नाही. त्याच्या चपलांचा आवाज. आणि मागे, थोड्या अंतरावर, नाल ठोकलेल्या बुटांचा.

तो थांबला. बूट थांबले.

तो चालू लागला...

बूट जवळ आले. घाई नव्हती त्यांना. गस्तीवरच्या माणसाची चाल. आता दहा पावले. आता चार. आता मानेवर श्वास.

"मी..." नंदकिशोर म्हणाला.

मानेवरचा श्वास हलला नाही.

"मला दिसलं होतं. त्याच दिवशी..."



तो वळला नाही. पुढे त्याने अप्पासाहेबांना सांगितले, की भीती तोवर संपली होती. वळलो असतो तर त्या माणसाला तोंड दाखवावे लागले असते. ते जमले नाही.

मानेला काही तरी गार लागले. क्षणभर. मग मागे कुणी नव्हते.

मालनबाईंच्या घरी दिवे जळत होते. अष्टमीच्या रात्री तिथे हत्यारे घासून मांडण्याचे काम चालते. तलवारी, एक जुनी बंदूक, कट्यारी. भोवती खंडोजी, घरची माणसे, मुले. नंदकिशोर उंबऱ्यातच उभा राहिला.

"पट्टी कापलेली आहे," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

कुणाचा तरी घासणारा हात थांबला.

"का?" खंडोजींनी विचारले.

"मला ते हवं होतं."

"काय हवं होतं?"

"होल्स्टर."

खंडोजींनी हातातले फडके खाली ठेवले. "एवढ्यासाठी?"

नंदकिशोर म्हणाला, "तुम्ही स्वतः बघा. भिंगातून दिसेल." त्याने गळ्याशी हात नेला आणि वादी ओढली. तुटलेली वादी सरळ हातात आली. तिला भिंग नव्हते.

मालनबाईंनी गाठोडे त्याच्या हातातून घेतले होते. दोन्ही गाठी जशाच्या तशा घट्ट होत्या. त्यांना दातांनी सोडवाव्या लागल्या. त्यांनी झडप उचलली, आत हात घातला, आणि तो हात आतच थांबला.

मग त्यांनी भिंग बाहेर काढले.

"अण्णा, हे तुमचं का?"

त्याने रिकामी वादी पुढे धरली. मालनबाईंनी भिंग दिव्यापाशी नेऊन पट्टीवर धरले. खंडोजी वाकले. दोघांनी पाहिले.

"अक्का," नंदकिशोर हळूच म्हणाला, "माझा शब्द तुम्हाला खरा वाटला होता?"

"बघताना तुम्ही श्वास धरला होता. झिजलेलं बघून कुणी श्वास धरत नाही."

"मग दिलंत का?"

"जाणत्याच्या शब्दावर मी काय बोलणार, अण्णा? चौदा वर्षं कुणी ऐकलं होतं का?"

खंडोजींनी होल्स्टर दोन्ही हातांनी घेतले. वडिलांची तलवार त्यांनी स्वतः थोडी बाजूला सारली आणि शेजारी ते मांडले. भिंग मालनबाईंनी पुन्हा आत ठेवून दिले. "नवमी होईपर्यंत मांडलेलं हलवत नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्या ह्यांच्याबरोबर याचीही पूजा होईल."

दसऱ्याच्या दिवशी आपट्याच्या पानांसोबत त्यांनी भिंग परत पाठवले. नंदकिशोरने ते पुन्हा डोळ्याला लावले नाही. उरलेली अकरा होल्स्टरे मल्लाप्पाला देऊन टाकली, तपासणीच्या कामावरून स्वतःची बदली मागून घेतली, आणि जाताना एक पत्र्याची डबी अप्पासाहेबांच्या हातात ठेवली.

अप्पासाहेब आत जाऊन तीच डबी घेऊन आले. डबीत भिंग होते आणि वादी.

"ही झिजून तुटली असेल," गुरुराज म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता. "रस्त्यात चालताना."

अलकाने वादी उचलली आणि दिव्याखाली धरली. भिंग घेतले नाही. दोन्ही टोकांवरून तिने बोट फिरवले. एकदा, मग पुन्हा एकदा.

"नाही," ती म्हणाली. "कापलीय."

अप्पासाहेबांनी हात पुढे केला, आणि अलकाने ती वादी त्यांच्या तळहातावर जपून ठेवली.