पिवळ्या लोकरीचा मफलर

दुपारची आवराआवर झाली की आई खिडकीशी खुर्ची ओढायची, एका हातात फोन आणि मांडीवर लोकर. लेक लग्न होऊन दूर गेली आणि तिचं फोनवरचं बोलणं हळूहळू आटलं. उरल्या त्या फक्त तिच्या पोस्ट. मग आईने आपलं एक खूळ काढलं. लेकीने जे टाकलं असेल त्याचा रंग ठरवायचा आणि मफलरची एक ओळ विणायची. आनंदाला पिवळी लोकर, रागाला लाल, दुःखाला निळी, भीतीला काळी. काळ्या गुंड्याची कागदी पट्टी अजून सुटलीसुद्धा नव्हती.

बाबा थट्टा करायचे, हवामान खातं उघडलंयस का म्हणायचे. तीही हसायची. लेक बागेत, लेक नव्या पडद्यांपाशी, लेक केक कापताना. मफलर पिवळाधमक वाढत होता.

अलीकडे मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. पिवळ्याने विणायला घेतलेली ओळ शेवटच्या टाक्याला पोहोचेपर्यंत काळी होऊन बसायची. आधी तिने उजेडाला दोष दिला, मग चष्म्याला. ओळ उसवली, पुन्हा पिवळीच लोकर घेतली, पुन्हा काळी. पिवळा गुंडा लहान होत चालला आणि काळ्याची पट्टी जशीच्या तशी. त्या ओळींना बंद खोलीचा कुबट वास यायचा.

तिने फोन केला. कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, मजेत आहे. तिने बाबांपुढे मफलर धरला. त्यांनी काळ्या ओळींवरून बोट फिरवलं आणि चटकन मागे घेतलं.

"अहो, फोटोत हसतेय ती… पण हे बघा ना."

"जावई फोटो छान काढतात," बाबा म्हणाले, आणि बोलता बोलता स्वतःच चपला शोधू लागले.

दोघांनी मिळेल ती बस पकडली. आईचा जीव टांगणीला लागला होता. पिशवीत मफलर होता, सुयांसकट. बस वस्तीबाहेर पडते न पडते तोच नवी पोस्ट आली. लेक सोफ्यावर बसून हसत होती आणि तिच्या गळ्यात हाच मफलर होता. आधी पिवळा, मग काळा, आणि पुढे आईने न विणलेल्या कितीतरी काळ्या ओळी. शेवटचे टाके बंद करून काठ नीट पुरा केलेला होता.

आईने घाईने पिशवी मांडीवर ओढली. तिने पिशवी उघडली. मफलर तिथेच होता, अर्धवट, सुईवर. हा पुरा झाला तर लेक हातची जाईल, एवढंच तिला कळत होतं.

"ड्रायव्हरला सांगा हो… जरा जोरात घ्या म्हणावं," ती पुटपुटली आणि सुया हातात घेतल्या.

बाबा पुढे गेले. मफलर पुरा होऊ नये म्हणून ती खाली मान घालून नवे टाके घालत राहिली, पिवळे, एकामागून एक. तरी सुईवरचे टाके आपोआप बंद होत एकेक करून कमी होत होते.